भजनी मंडळातील मागची रांग



रायगडच्या किनाऱ्यावरील लोकसंगीत या विषयावर आम्ही बोलावे, अशी या व्याख्यानमालेच्या चालकांची इच्छा. विषय फार मोठा आहे. उरण-करंजापासून श्रीवर्धन-हरिहरेश्वरापर्यंतच्या या पट्टीत कोळ्यांची गाणी आहेत, आगऱ्यांच्या लग्नांतले धवळे आहेत, दक्षिणेकडील तालुक्यांत कुणबी मंडळींचा शक्ती-तुऱ्याचा नाच आहे. या सर्वांचा परिचय एका तासात करून द्यावयाचा म्हणजे भरतीच्या वेळी शिंपल्या मोजण्यासारखे होईल. शिवाय आम्ही लोकसाहित्याचे संशोधक नव्हे. आम्ही अलिबाग तालुक्यातील एका गावच्या भजनी मंडळातली माणसे. काही वर्षे आम्ही देवळाच्या पायरीवर बसून नुसते ऐकले, आणि त्यानंतरची बरीच वर्षे टाळ घेऊन आत बसलो. तेव्हा जे स्वतः केले आहे त्याविषयीच बोलावे, हे बरे. म्हणून आजचा विषय आम्ही भजनी मंडळापुरताच ठेवतो. आणि त्यातही बुवांविषयी थोडे व बुवांच्या मागे बसणाऱ्या रांगेविषयी अधिक बोलणार आहोत.

याचे कारण साधे आहे. बुवांची नावे जाहिरातीवर असतात, त्यांचे सत्कार होतात, त्यांच्या गळ्याची चर्चा चहाच्या दुकानात होते. मागच्या रांगेतील माणसाचे नाव कोठेच नसते. परंतु गेल्या काही वर्षांत आमच्या असे ध्यानात आले आहे की, बुवा मिळतात, पखवाजी मिळतात, पेटीवालाही शेजारच्या गावाहून आणता येतो. मिळेनासा झाला आहे तो मागे म्हणणारा माणूस. आणि तो नसेल तर बाकीचे सर्व असूनही जे होते ते गाणे होते, भजन होत नाही.

प्रथम मंडळ म्हणजे काय ते सांगू. शहरातील संगीत सभेस घटना असते, वर्गणीदार असतात, तिकीट असते. आमच्याकडे असते एक लाकडी पेटारा. त्यात टाळांच्या दहाबारा जोड्या, एक पखवाज, हातपेटी, वीणा आणि एक सतरंजी. पेटारा देवळात राहतो व त्याची किल्ली एका घरी. किल्ली ज्या घरी त्या घरचा माणूस मंडळाचा चिटणीस, मग तो गाणारा असो वा नसो. सभासदत्वाचा अर्ज नाही. जो येऊन बसला तो मंडळाचा. आणि जो एकादशीस लागोपाठ दोनतीनदा आला नाही, त्याच्या घरी कोणीतरी चौकशीस जातो. एवढीच आमची घटना.

एकादशी महिन्यातून दोनदा येते, म्हणजे वर्षाला चोवीस बैठकी झाल्याच. शिवाय रामनवमी, गोकुळाष्टमी, नामसप्ताह आणि गणपतीचे दिवस. गणपतीत मंडळ घरोघर फिरते. प्रत्येक घरी दोनतीन अभंग, एखादी गौळण, आरती आणि चहा. दहा घरे झाली की चहाचे दहा पेले होतात, आणि मग रात्री झोप येत नाही ती भक्तीमुळे की चहामुळे, हे सांगणे कठीण पडते.

कोळीवाड्यांतील मंडळांचे वेळापत्रक याहून वेगळ्या गोष्टीवर चालते. तेथे समुद्राची परवानगी लागते. डोल जाळ्याला पाण्याची ओढ लागते. ती उधाणाला जोरात असते आणि भांगाला मंदावते. उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, भांग अष्टमी-नवमीच्या सुमारास. एकादशी पडते ती या भांगाला लागूनच. म्हणजे होड्या बंदरात असण्याचा आणि माणसे घरी असण्याचा संभव ज्या दिवसांत अधिक, त्याच दिवसांत. तिथी काही कोळ्यांना विचारून ठरलेली नाही हे खरे. परंतु त्यांना ती मानवली, यात नवल नाही. त्याचप्रमाणे पावसाळ्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीस बंदी असते, आणि आषाढी एकादशी बहुधा याच दोन महिन्यांत येते. जाळी दुरुस्त करीत बसलेला कोळी दिवसा दोरा ओढतो आणि रात्री टाळ. पुढे नारळी पौर्णिमा झाली की कोळीवाड्यातील मंडळाची मागची रांग समुद्रावर जाते.

आता प्रत्यक्ष बैठकीकडे वळू. आरंभी नामाचा गजर होतो. मग रूपाचे अभंग, म्हणजे देवाचे रूप वर्णन करणारे. त्यानंतर उपदेशाचे किंवा प्रसंगाला धरून असलेले अभंग, मग गौळण, एखादे भारूड, आणि शेवटी आरती व पसायदान. क्रम थोडाफार बदलतो. परंतु त्यातील एक गोष्ट बदलत नाही. बुवा एक चरण म्हणतात आणि मागची रांग ध्रुपद उचलते. बुवा पुन्हा चरण घेतात, त्याला नवे वळण देतात. रांग पुन्हा तेच ध्रुपद, तसेच, न बदलता म्हणते. लय हळूहळू चढत जाते, आठ मात्रांचा भजनी ठेका दुगुणीत जातो, आणि असा एक क्षण येतो की बुवा काय म्हणत आहेत ते ऐकू येत नाही, फक्त रांग ऐकू येते. जाणता बुवा त्या वेळी गप्प बसतो. नवखा बुवा त्या वेळी ओरडतो.

ऐकणाऱ्याचा गाणारा कसा होतो, याची आमच्याकडे एक अलिखित शाळा आहे. पहिले वर्ष पायरीवर. पायरीवर बसणाऱ्यास कोणी काही विचारीत नाही. पाऊस आला की मात्र त्यास आत यावे लागते. आणि कोकणात पाऊस चार महिने असतो, त्यामुळे पुष्कळशी भरती पावसाने केलेली आहे. आत आलेल्या माणसाच्या हातात, जागा अडली म्हणून, कोणीतरी टाळ देतो. टाळ वाजविणे सोपे वाटते. दोन पितळी वाट्या एकमेकींवर आपटावयाच्या, त्यात शिकण्यासारखे काय? परंतु नव्या माणसाला पहिला धडा मिळतो तो मोठ्याने वाजविण्याचा नव्हे, हळू वाजविण्याचा. दहा जोड्या एका वेळी वाजत असता एक जोडी केसभर पुढे गेली, तर ते पायरीवरच्या पोरासही कळते. शेजारचा म्हातारा काही बोलत नाही. आपल्या गुडघ्याने नवख्याच्या गुडघ्यावर ठेका धरतो. आम्ही लय शिकलो ती अशी, गुडघ्याने.

टाळ स्थिर झाला की तोंड उघडते. आरंभी ओठांतल्या ओठांत, मग शेजाऱ्याच्या आवाजाच्या आडोशाने. शहरातील पुष्कळ मंडळी आम्हांस सांगतात, "आम्हांला गाणे फार आवडते हो, परंतु गळा नाही." आमचा अनुभव असा की, गळा नाही असा माणूस क्वचित असतो, आडोसा नाही असेच बहुतेक असतात. मागची रांग हा आडोसा आहे. तेथे वीस गळ्यांत एक कच्चा गळा लपतो, लपत लपत पक्का होतो, आणि पक्का झाल्यावर पुढच्या कच्च्या गळ्याला लपवितो. संगीताच्या कोणत्याही विद्यालयास ही सोय करता आलेली नाही, कारण तेथे विद्यार्थ्याने एकट्याने गाऊन दाखवावे लागते.

वाद्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण किनाऱ्यावर वाद्य सांभाळणे हेच एक काम आहे. पखवाजाच्या उजव्या तोंडाला कायमची शाई असते, डाव्या तोंडाला दरवेळी मळलेली कणीक लावतात. कणकेचा गोळा किती ओला, किती मोठा, यावर डाव्या बाजूचा धुमारा ठरतो; बैठक संपली की ती खरवडून काढावयाची. समुद्राची दमट हवा कातड्याला मानवत नाही. पावसाळ्यात पखवाज संध्याकाळी सुरात लावून ठेवावा आणि रात्री नऊला तो उतरलेला असावा, हे ठरलेले. मग वादीखालचे लाकडी गठ्ठे हातोडीने ठोकीत पखवाजी बसतो आणि मंडळी तंबाखू मळीत वाट पाहतात. हा वेळ फुकट जातो असे समजू नये. गावातील निम्मे व्यवहार आणि बरेचसे समेट आमच्याकडे याच वेळात झालेले आहेत.

पेटी ही परदेशची. पॅरिसमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जन्मली, कलकत्त्यास तिला हाताचा भाता मिळाला आणि मांडी घालून बसणाऱ्या देशात ती मांडीपुढे येऊन बसली. शास्त्री मंडळींना तिचे बांधलेले स्वर रुचले नाहीत. 1940 साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली आणि ती सैल व्हावयास तीस वर्षे लागली. त्या तीस वर्षांत कोकणातल्या भजनी मंडळांत पेटी वाजतच होती. आमच्या दृष्टीने तिचा उपयोग निराळा आहे. पेटीवाला पट्टी ठरवितो. बुवांच्या गळ्याला शोभणारी पट्टी एक असते आणि मागच्या वीस गळ्यांना झेपणारी दुसरी असते. ध्वनिक्षेपक नसताना आवाज लांब जावा म्हणून उंच पट्टीत गाण्याची पद्धत होती, आणि अजूनही पुष्कळ बुवांना तिचाच अभिमान वाटतो. परंतु चांगला पेटीवाला बुवांकडे पाहून पट्टी धरीत नाही; तो मान वळवून मागच्या रांगेकडे पाहतो. आज कोण आले आहे, कोणाचा घसा बसला आहे, पोरे किती, म्हातारे किती, हे पाहून तो बोट ठेवतो. लोकशाहीची व्याख्या करणारे ग्रंथ पुष्कळ आहेत. आम्हांस ती या मान वळविण्यात दिसते.

ही मागची रांग केवळ भजनातच आहे असे नव्हे. आपल्या किनाऱ्यावरील बहुतेक सर्व गाण्यांचा तोच पाया आहे. आगरी समाजाच्या लग्नात धवलारीण धवळे गाते. तिचे गाणे ही करमणूक नव्हे. हळद, देवक, लग्न या एकेका विधीस तिचे गाणे लागते, आणि तिच्यामागून बायका ओळ उचलतात. मराठीत धवळ्यांची परंपरा किती जुनी आहे, हे महानुभाव पंथातील महदंबेच्या धवळ्यांवरून आपणांस माहीतच आहे. ते तेराव्या शतकातील. म्हणजे सातशे वर्षांपूर्वीही लग्नाचे गाणे एक बाई सांगे, आणि आमची खात्री आहे की तिच्यामागे उचलणाऱ्या दुसऱ्या असत.

दक्षिणेकडे म्हसळा, श्रीवर्धन, माणगाव या बाजूस गौरी-गणपतीत शक्ती-तुऱ्याचे सामने होतात. शक्तीवाले प्रकृतीची बाजू घेतात, तुरेवाले शिवाची. एका बाजूच्या शाहिराने पुराणातला प्रश्न गाण्यातून टाकावयाचा, दुसऱ्याने गाण्यातूनच तो सोडवावयाचा, आणि भोवती पायांत चाळ बांधलेले गडी फेर धरून नाचावयाचे. तेथे विरोधक लागतो. भजनास तो लागत नाही. परंतु तेथेही शाहिरामागे झील धरणारे नसतील तर प्रश्न हवेत विरून जातो.

याच किनाऱ्यावरील आणखी एक उदाहरण आम्हांस फार बोलके वाटते. बेने इस्रायल मंडळी आपले पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यास लागले असे मानतात. शेकडो वर्षे ती या गावांत राहिली, तेल गाळण्याचा धंदा करून शनिवारी घाणा बंद ठेवीत राहिली, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. 1880 च्या सुमारास मुंबईत या समाजाने आपल्या धर्मग्रंथातील आख्याने मराठी कीर्तनाच्या थाटात रचण्यास आरंभ केला. अब्राहम, योसेफ, मोशे यांच्या कथा ओव्या, आर्या, साक्या, दिंड्या यांत आल्या. पेटी आली, झांज आली, आणि मागे म्हणणारे आले. पुढे या समाजातील बहुतेक लोक इस्राएल देशात जाऊन स्थायिक झाले. तेथेही त्यांच्यातील स्त्रिया एकत्र जमून मराठी गाणी गात राहिल्या. विचार करा, धर्म निराळा, देश निराळा, घरातील मुलांची भाषा निराळी, टिकले काय? चार बायका एकत्र बसून एकीच्या मागे तिघींनी ओळ म्हणणे, हे टिकले.

दूरच्या देशांतही हा प्रश्न लोकांना पडलेला आहे. इंग्लंडमध्ये सेसिल शार्प नावाच्या गृहस्थाने 1903 सालापासून खेडोपाडी हिंडून जुनी गाणी लिहून घेतली. गाणी पुस्तकांत आली, परंतु गाणारी माणसे कमीच होत गेली. पुढे 1950 नंतरच्या काळात तेथील शहरांत, मद्यगृहांच्या माडीवरच्या खोल्यांत, लोकगीतांची मंडळे निघाली. तेथे असा प्रघात पडला की, पाहुणा गायक गाण्यापूर्वी श्रोत्यांपैकीच कोणीही उठावे आणि आपले गाणे म्हणावे, व ध्रुपद सर्वांनी धरावे. आमच्या देवळाच्या ओटीत आणि त्या मद्यगृहाच्या माडीत अंतर पुष्कळ आहे. परंतु पायरीवरच्या माणसाला आत ओढल्यावाचून गाणे जगत नाही, ही गोष्ट त्यांनाही कळली आणि आमच्या आजोबांनाही कळलेली होती.

आपल्याकडेही संग्रहाचे काम थोर माणसांनी केले आहे. साने गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्याच्या माला काढल्या, आणि गी प्वातव्हँ व हेमा राईरकर यांनी तर जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. या कार्यापुढे आम्ही नम्र आहोत. परंतु त्या लाख ओव्या सुरक्षित झाल्या तोपर्यंत जाते थांबले होते. जाते थांबले ते गिरणीमुळे, आणि दळणाचे कष्ट वाचले म्हणून कोणत्याही आईने दुःख मानले नाही, ते योग्यच. भजनाची गोष्ट तशी नाही. येथे कष्ट वाचवावयाचे नाहीत. येथे तीन तास मांडी घालून बसणे हेच मुख्य काम आहे. ते यंत्राकडे दिले तर उरते काय?

हा प्रश्न आमच्या गावात प्रत्यक्षच उभा राहिला, आणि तो सांगावा म्हणूनच आज आम्ही येथे आलो.

नामसप्ताहात सात दिवस, अहोरात्र नाम चालते. वीणा एकदा उभी राहिली की सप्ताह संपेपर्यंत खाली टेकावयाची नाही. एका विणेकऱ्याच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि देणारा घेणाऱ्यास नमस्कार करतो. सात दिवसांचे तास होतात 168. तीन तासांचा एक पहारा धरला, तर पहारे होतात 56. प्रत्येक पहाऱ्यास विणेकरी, पखवाजी आणि टाळकरी मिळून आठ माणसे धरली, तर 448 बैठका भराव्या लागतात. पूर्वी याचा हिशेब कोणी करीत नसे. एकेका आळीस पहारे वाटून दिले की झाले. उरलेले शेजारच्या गावांची मंडळे येऊन भरीत. आज हिशेब करावा लागतो. गावातील तरुण कारखान्यांत पाळ्या करतात. कोणी मुंबईस नोकरीला आहे. 2020 पासून मांडव्याची रो-रो बोट झाली, मुंबई जवळ आली. परंतु जी वाट मुंबईस जवळ आणते ती माणसास घरी ठेवतेच असे नाही. त्याच वर्षी 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आले. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे उडाले, आणि पुष्कळ घरांतील कर्ते माणूस गाव सोडून उत्पन्न शोधावयास गेले. पोफळीचे झाड फळावर यावयास काही वर्षे जातात; तेवढी वर्षे सप्ताहाचे पहारेही रिकामे पडू लागले.

तेव्हा गावच्या बैठकीत एका समंजस गृहस्थांनी सूचना मांडली की, रात्री अकरा ते पहाटे पाच या दोन पहाऱ्यांना ध्वनिमुद्रित नाम लावावे. सूचना करणारा माणूस नास्तिक नव्हता, आळशीही नव्हता. वीस वर्षे त्याने स्वतः पहाटेचा पहारा केलेला होता. त्याचे म्हणणे असे की, देवाला नाम ऐकू आल्याशी कारण. म्हाताऱ्यांची प्रकृती संभाळली पाहिजे. सकाळी पाळीवर जाणाऱ्यास झोप पाहिजे. वीणा एकाने घेऊन उभे राहावे, बाकीचे यंत्र करील. यात खोटे काय आहे? आम्हांसही पटकन उत्तर सुचले नाही.

उत्तर दिले ते मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने. आयुष्यात त्याने कधी एकट्याने अभंग म्हटलेला नाही. तो म्हणाला, "यंत्राला झोप येत नाही. मग त्यानं जागून काय केलं?"

बंधुभगिनींनो, या एका वाक्यात जागराचे सगळे शास्त्र आहे. जागण्याला किंमत आहे ती झोप येते म्हणून. शेजाऱ्याचा टाळ ढिला पडला की आपण आवाज चढवावयाचा, आपले डोळे मिटू लागले की शेजाऱ्याने. अशी रात्र पुढे ढकलावयाची. नाम देवासाठी असेल. पहारा मात्र माणसांनी माणसांसाठी करावयाचा असतो. आणि याचा पडताळा आम्हांस सप्ताहाबाहेर येतो. गावात कोणी गेले, मुलगा लांबच्या शहराहून यावयाचा आहे, रात्र काढावयाची आहे. अशा घरी मंडळ जाऊन बसते. तेथे उत्तम गळ्याचे काही काम नसते. तेथे पाहिजे असतात दहा माणसे, ज्यांना एकमेकांची लय ठाऊक आहे. ती दहा माणसे आयत्या वेळी उभी करता येत नाहीत. ती एकादशी-एकादशीला, गुडघ्याला गुडघा लावून तयार झालेली असावी लागतात.

त्या बैठकीत सूचना फेटाळली गेली नाही. तशीच ठेवून विचार झाला. महिला मंडळाच्या भगिनींनी दोन ते पाच हा पहारा आपण घेतो असे सांगितले. त्या म्हणाल्या, "पाणी भरायला चारला उठतोच, आणखी दोन तास आधी उठू." आमच्या गावात तोपर्यंत रात्रीचा पहारा बायकांनी केलेला नव्हता. एकदोघांनी कुरकुर केली. एका वृद्धाने विचारले, "जनाबाई कोणत्या वेळी दळीत होती?" त्यावर कुरकुर थांबली. अकरा ते दोनचा पहारा दुसऱ्या पाळीवरून सुटणाऱ्या मुलांनी घेतला. ती अकराला सुटतात आणि एवीतेवी त्यांना लगेच झोप येत नाही. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा असा 2000 सालचा नियम आहे, आणि तो आमच्या पथ्यावर पडला. यंत्र बंद झाले की बुवा आणि रांग एका पातळीवर येतात. दहाच्या आधी आमच्याकडे कार्यक्रम असतो. दहाच्या नंतर भजन.

सगळे सुरळीत झाले असे मात्र आम्ही सांगणार नाही. पहिल्या वर्षी दोन रात्री पहाऱ्याला पाचच माणसे होती, आणि एके रात्री विणेकऱ्याला तीनऐवजी पाच तास उभे राहावे लागले. पुढे काय होईल, यंत्राची सूचना पुन्हा येईल की नाही, हे आम्हांस ठाऊक नाही. ती येईल असेच वाटते. त्या वेळी तिला उत्तर वाक्याने देऊन भागणार नाही. माणसांनी द्यावे लागेल.

म्हणून दोन गोष्टी सुचवून भाषण संपवितो. पहिली मंडळांच्या चालकांस. भजनाच्या स्पर्धा होतात, त्यांत बुवांना, पखवाजास, पेटीस बक्षिसे असतात. एक बक्षीस मागच्या रांगेला ठेवावे, आणि ते देताना परीक्षकांनी आवाज न पाहता एवढेच पाहावे की रांगेत गतवर्षी नसलेली माणसे किती आहेत. ज्या मंडळात दरवर्षी दोन नवे टाळकरी येतात ते मंडळ, बुवा कसाही असो, टिकेल.

दुसरी सूचना आपणांस. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि तेव्हापासून महाराष्ट्रातील गावोगावच्या माणसांना शांतपणे ऐकून घेण्याची एक चांगली सवय लागली. ती सवय मोलाची आहे. परंतु आपल्यापैकी पुष्कळ जण गेली कित्येक वर्षे फक्त ऐकतच आहेत. व्याख्यान ऐकतात, नाटक ऐकतात, घरी यंत्रावर गाणे ऐकतात. उत्तम श्रोता होणे ही मोठी गोष्ट. तथापि जन्मभर श्रोताच राहावे, असे कोठे लिहिलेले नाही. आपल्या आळीत, आपल्या शेजारच्या गावात एखादे मंडळ असेलच. येत्या एकादशीस तेथे जा. पायरीवर बसा. कोणी टाळ पुढे केला तर "गळा नाही" असे सांगू नका. हळू वाजवा आणि शेजाऱ्याच्या आडोशाने ध्रुपद धरा. बुवा आमच्याकडे आहेत. जागा आहे ती मागच्या रांगेत.